डबमधला इफेक्ट: लूपच्या आधी, आत की नंतर?

डब, म्हणजे रेगे गाण्यातले आवाज काढत-घालत आणि इको देत केलेलं मिक्स, करायला बसलं की पहिला प्रश्न बहुतेकांना हाच पडतो: डिले (इको देणारा) आधी लावू की रिव्हर्ब (घुमारा देणारा)? फेझर (आवाजात फिरती लहर आणणारा) कुठे? फिल्टर कुठे? गिटारच्या पेडलबोर्डावर या प्रश्नाला अर्थ आहे. तिथे आवाज एका टोकाने शिरतो आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. डबमध्ये आवाज गोल फिरतो, त्या वाटेला लूप म्हणतात. डिलेतून आलेला आवाज फिल्टरमधून परत डिलेत जातो, वाटेत थोडा स्प्रिंगकडे (स्प्रिंगवर चालणाऱ्या रिव्हर्बकडे) वळतो, कधी स्प्रिंगकडून पुन्हा डिलेकडे येतो. अशा ठिकाणी 'आधी काय, नंतर काय' याला मोघम उत्तरच मिळतं. नेमका प्रश्न असा: हा इफेक्ट लूपच्या आधी बसलाय, लूपच्या आत बसलाय, की लूपच्या नंतर? एकच फिल्टर या तीन जागी तीन वेगळी कामं करतो. बाकीचं सगळं त्यावरून ठरतं.

ही रचना जिथून आली ती जागा थोडक्यात सांगतो, कारण तिथल्या अडचणी समजल्या की राउटिंग, म्हणजे आवाजाची वाट, आपोआप कळतं. जमैकातल्या किंगस्टनच्या वॉटरहाउस भागात, ड्रॉमिली अव्हेन्यूवर किंग टबीचा छोटा स्टुडिओ होता. टबी, म्हणजे ऑस्बोर्न रडक, मुळात इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा, साउंड सिस्टिमचे अँप्लिफायर बांधणारा माणूस. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने डायनॅमिक साउंड्स स्टुडिओचं जुनं एमसीआय मिक्सर घेतलं. गाणी दुसऱ्या स्टुडिओत रेकॉर्ड होऊन त्याच्याकडे चार ट्रॅकच्या टेपवर यायची: साधारणपणे एकावर ड्रम, एकावर बास, एकावर गिटार आणि कीबोर्ड, एकावर गायन किंवा ब्रास. आता स्नेअरच्या एका फटक्याला इको द्यायचा आहे, पण स्नेअर वेगळा नाहीच. किक, हाय-हॅट, स्नेअर सगळे एकाच ट्रॅकवर. मग हाताने करण्याजोगी एकच गोष्ट उरते: सेंडचा (आवाज इफेक्टकडे पाठवणारा) नॉब त्या फटक्यापुरता उघडायचा आणि लगेच मिटायचा. ज्याला आज आपण 'थ्रो' म्हणतो तो हा. मंडपातल्या निवेदकाच्या माइकवर इको सतत चालू असतो. डबमधला इको हवा तेव्हा, हवा तेवढाच उघडतो.

त्याच मिक्सरवर ऑल्टेक कंपनीचा हाय-पास (खालचे सूर अडवून वरचे जाऊ देणारा) फिल्टर होता, 'बिग नॉब' या नावाने ओळखला जाणारा. ७० हर्ट्झपासून साडेसात किलोहर्ट्झपर्यंत टप्प्याटप्प्याने जाणारा. टप्पे असल्यामुळे तो सरकत नाही, उडी मारतो. संपूर्ण रिदम क्षणात कागदासारखा पातळ करून पुन्हा खाली आणायचा, हे त्या एका नॉबचं काम.

दुसरा डब निर्माता ली पेरी, त्याच्या ब्लॅक आर्क स्टुडिओत मात्र गणित उलटं होतं. १९७३मध्ये घराच्या आवारात उभ्या केलेल्या त्या स्टुडिओत टीॲकचं चार ट्रॅकचं मशीन होतं, आणि गाणं तिथेच रेकॉर्ड व्हायचं. ट्रॅक भरले की एकत्र करून दुसऱ्या ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या जागेत नवं भरायचं. इफेक्ट त्या उतरवण्यातच पक्का होऊन जायचा आणि पुढच्या खेपेला त्याच्यावर आणखी इफेक्ट चढायचा. टबीचा इफेक्ट मिक्सच्या वेळी जन्मतो आणि सेंडवर राहतो. पेरीचा इफेक्ट आवाजाच्या अंगात मुरलेला असतो. तुम्हाला यातलं काय हवंय ते आधी ठरवा, कारण राउटिंग तिथूनच बदलतं. खाली जे सांगतोय ते बहुतेक टबीच्या पद्धतीचं आहे.

मांडणी

आठ-दहा चॅनेलचं साधं मिक्सर, दोन ऑक्स सेंड (इफेक्टकडे जाणाऱ्या जादा वाटा), एक डिले, एक स्प्रिंग रिव्हर्ब. एवढ्यावर पूर्ण डब होतो. ऑक्स १ डिलेकडे, ऑक्स २ स्प्रिंगकडे. महत्त्वाचं पाऊल पुढे आहे: डिले आणि स्प्रिंगचं आउटपुट मिक्सरच्या 'ऑक्स रिटर्न' लिहिलेल्या सॉकेटमध्ये घालू नका. ती दोन्ही आउटपुटं साध्या चॅनेलवर घ्या, समजा ७ आणि ८ वर. रिटर्नला चॅनेल मिळालं की त्याला फेडर (आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) मिळतो, ईक्यू (वरचे-खालचे सूर कमी-जास्त करणारे नॉब) मिळतो, म्यूट मिळतो, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे त्याला स्वतःचे ऑक्स नॉब मिळतात. चॅनेल ७ चा ऑक्स १ नॉब उघडला की डिलेचं आउटपुट डिलेच्याच इनपुटला जातं. हा झाला लूप. डिलेच्या डब्यावरचा फीडबॅक नॉब आता शून्यावर ठेवा. आवाज किती वेळा फिरणार हे मिक्सरवरून ठरेल आणि प्रत्येक फेऱ्याला तो चॅनेल ७ च्या ईक्यूमधून जाईल.

चॅनेल ७ चा ऑक्स २ उघडला की इकोचे पडसाद स्प्रिंगमध्ये जातात. चॅनेल ८ चा ऑक्स १ उघडला की स्प्रिंगची शेपटी डिलेत जाते. हे चार नॉब, दोन रिटर्न चॅनेलांचे प्रत्येकी दोन, म्हणजे डबचं खरं वाद्य. मिक्सर चालू करण्याआधी हे चारही पूर्ण मिटलेले आहेत याची खात्री करा. एखादा चुकून उघडा राहिला तर मास्टर वर करताच मशीन केकाटू शकतं आणि ट्वीटर जाऊ शकतो. कानही.

डिले शंभर टक्के ओला हवा, म्हणजे त्याच्या आउटपुटमध्ये मूळ कोरडा आवाज अजिबात नको. ही चूक सर्वांत जास्त होते आणि तिचं कारण सहज सापडत नाही. कोरडा आवाज डिलेतून तसाच बाहेर आला तर लूपमध्ये दोन वाटा तयार होतात: एक, समजा डिले तेवढा लावला असेल तर, ६०० मिलिसेकंदांची आणि एक जवळजवळ शून्य वेळेची. शून्य वेळेच्या वाटेवर आवाज एका सेकंदात शेकडो फेरे मारतो आणि नॉब जरासा उघडताच शिट्टी सुरू होते. कॉम्प्युटरवर ही शिट्टी ओळखू येते. तिथे लूपला किमान एका बफरचा (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो त्या आवाजाच्या तुकड्याचा) उशीर असतो. बफर १२८ सँपलचा आणि दर ४८ किलोहर्ट्झ असेल तर ४८००० भागिले १२८ म्हणजे ३७५ हर्ट्झ. त्या सुराच्या आसपास किंवा त्याच्या पटीत काही गुणगुणायला लागलं, की समजा कोरडा आवाज लूपमध्ये गळतोय. काही जुन्या टेप-इकोंवर कोरडा आवाज बंद करण्याची सोयच नसते. अशा मशीनचा लूप मिक्सरवरून करू नका. त्याचा अंगचा फीडबॅक वापरा आणि फिल्टर रिटर्नवर लावा.

सेंड फेडरच्या आधीचा घ्यावा की नंतरचा? वाद्यांच्या चॅनेलवर फेडरनंतरचा. फेडर खाली गेला की नवा आवाज डिलेत जाणं थांबतं आणि जुनी शेपटी तेवढी उरते. गिटार गायब, पडसाद मोकळे. गायनाच्या चॅनेलवर मात्र फेडरच्या आधीचा सेंड असला तर फेडर पूर्ण खाली ठेवून फक्त इको ऐकवता येतो, गायक दुसऱ्या खोलीतून बोलतोय असा. रिटर्न चॅनेल ७ चा प्रश्न जास्त रंजक आहे. तिथे ऑक्स १ फेडरनंतरचा असेल तर फेडर हलवताच ऐकू येणारा आवाजही बदलतो आणि फीडबॅकही: एका बोटाने दोन्ही मिटतात, हात सुरक्षित राहतो. फेडरच्या आधीचा असेल तर फेडर खाली घेतल्यावरही लूप आत फिरत राहतो. आठ बार (तालाची आवर्तनं) लपवून ठेवलेला इको मग अचानक परत वर आणता येतो. सुरुवात फेडरनंतरच्याने करावी असं माझं स्पष्ट मत आहे. लपलेला लूप आत वाढत असेल तर फेडर वर करेपर्यंत ते कळत नाही.

बऱ्याच लोकांकडे मॅकीचं १२०२सारखं छोटं मिक्सर असतं, ज्यावर म्यूटच्या बटनाला 'अल्ट ३-४' असंही लिहिलेलं असतं. ते बटन आवाज बंद करत नाही, त्याला मुख्य मिक्समधून काढून वेगळ्या आउटपुट जोडीकडे पाठवतं. ती जोडी डिलेच्या इनपुटला जोडली की बटन दाबणं म्हणजेच थ्रो: वाद्य मिक्समधून जातं आणि त्याच क्षणी इकोत पडतं. नॉब फिरवण्यापेक्षा कितीतरी जलद, आणि नेमकं.

एक फिल्टर, तीन जागा

समजा २५० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर आहे.

तो लूपच्या आधी, म्हणजे फक्त नव्या आवाजाच्या वाटेवर, चॅनेल ७ चा परतीचा आवाज त्यात मिसळायच्या आधी लावला, तर आत शिरणारा आवाजच पातळ असतो. पहिला पडसाद पातळ, दहावाही तेवढाच पातळ. रंग बदलत नाही. किकचा धप्पा डिलेत जाऊ नये एवढंच हवं असेल तेव्हा ही जागा योग्य.

लूपच्या आत, म्हणजे चॅनेल ७ च्या ईक्यूवर लावला, तर प्रत्येक फेऱ्याला तो पुन्हा कापतो. फिल्टरच्या कट-ऑफवर एका वेळी ३ डेसिबल कमी होतात, म्हणजे सहा फेऱ्यांत १८. पडसाद पुढे पुढे बारीक होत जातो आणि सरतेशेवटी नुसती कुजबुज उरते. जुन्या टेप-इकोचा जो रंग आपल्याला आवडतो तो असाच तयार होतो, कारण टेप आणि हेड दर फेऱ्याला वरचं आणि खालचं दोन्ही थोडं खातात. डिजिटल डिलेत तो रंग आणायचा तर लूपच्या आत १५० हर्ट्झचा हाय-पास आणि ४ किलोहर्ट्झचा लो-पास (वरचे सूर अडवणारा) ठेवा, दोन्ही सौम्य उताराचे. पहिला पडसाद जवळजवळ मूळ आवाजासारखा येईल, पाचवा-सहावा धुरकट.

इथली चूक म्हणजे ईक्यू नेहमीच्या सवयीने वापरणं. लूपच्या आत मिड १ डेसिबलने वाढवला, तर दहा फेऱ्यांत त्या जागी १० डेसिबल वाढतात आणि इको एकाच सुरावर अडकून बसतो. म्हणून लूपच्या आत फक्त कापा, वाढवू नका. अर्थात तो सूर हवाच असेल तर हीच युक्ती हत्यार बनते: अरुंद बँडवर २-३ डेसिबल वाढवा आणि फीडबॅक चढवा, इको हळूहळू त्या सुराचा सायरन होतो, मिडचा नॉब फिरवला की सूर सरकतो. मात्र लगेच नाही. ६०० मिलिसेकंदांचा एक फेरा झाल्याशिवाय बदल ऐकू येत नाही, म्हणून हात सावकाश चालवायचा.

तिसरी जागा लूपच्या नंतरची. डिलेचं आउटपुट दोन वाटांना फुटतं, एक परत डिलेकडे, एक मास्टरकडे. फिल्टर फक्त मास्टरच्या वाटेवर. आता नॉब फिरवला की अख्खी शेपटी एकदम पातळ होते आणि नॉब खाली आणला की पूर्ण जाडीने परत येते, कारण आत फिरणारा आवाज शाबूत आहे. बिग नॉबसारखी उडी हवी असेल तर हीच जागा. मिक्सरवर हे करायला डिलेचं आउटपुट वाय केबलने दोन चॅनेलवर घ्या: ७ वर लूप, ९ वर ऐकण्यासाठी फिल्टर. चॅनेल ७ मास्टरला जाऊच देऊ नका.

किती उघडायचा

एका फेऱ्याला आवाज ६ डेसिबल कमी होत असेल, तर ६० डेसिबल उतरायला दहा फेरे लागतात. ६०० मिलिसेकंदांच्या डिलेत ही शेपटी सहा सेकंदांची. ३ डेसिबलला वीस फेरे, बारा सेकंद. १ डेसिबलला साठ फेरे, छत्तीस सेकंद. शून्यावर आला की शेपटी संपतच नाही, आणि त्यापुढे ती वाढते. पहा, ६ वरून ३ वर येताना फरक सहा सेकंदांचा, पण १ वरून ० वर येताना तो अमर्याद. म्हणून नॉबची शेवटची किंचित हालचालच सगळं ठरवते. मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर पेनने खूण करा: इथे बारा सेकंद, इथे कायमचा फिरतो, याच्या पुढे वाढतो. खूण डोळ्यासमोर असली की मिक्सच्या भरात हात चुकत नाही. डिलेची वेळ किंवा ईक्यू बदललं तर खुणा नव्याने करा.

टेपचा इको वाढत गेला तरी फुटत नाही, कारण टेप स्वतः दबते आणि आवाज एका पातळीवर स्थिरावतो. डिजिटल लूपमध्ये ही दाबणारी वस्तू आपल्याला ठेवावी लागते: सॅच्युरेशन किंवा लिमिटर. ती कुठे? लूपच्या आतच. मास्टरवरचा लिमिटर आतल्या लूपला वाचवत नाही. आत सगळं ठिकऱ्या होत असतं आणि मास्टर फक्त त्या ठिकऱ्या हळू आवाजात ऐकवतो. लूपमध्ये क्रम असा ठेवा: डिले, मग सॅच्युरेशन, मग हाय-पास आणि लो-पास, मग परत डिले. फिल्टर सॅच्युरेशननंतर असला की दाबल्यामुळे तयार झालेला किरकिराट दर फेऱ्याला साफ होतो. उलट क्रम केला तर चौथ्या-पाचव्या फेऱ्यापर्यंत वाळू वाजते. ती वाळू काही जणांना आवडते. मला ती फक्त स्नेअरवर चालते, गायनावर मुळीच नाही.

लिमिटर घेतला तर पुढचं पाहणारा, लुकअहेड असलेला नको. त्याचा ५ मिलिसेकंदांचा उशीर प्रत्येक फेऱ्याला जोडला जातो, ६०० चे ६०५ होतात, आणि दहा फेऱ्यांत इको तालाच्या ५० मिलिसेकंद मागे पडतो. कॉम्प्युटर ट्रॅकमधला उशीर आपोआप भरून काढतो, पण लूपमधला भरून काढू शकत नाही. बफरचं तेच: १२८ सँपलचे २.७ मिलिसेकंद, दहा फेऱ्यांत २७. डिलेची वेळ तेवढी कमी लावा, ६०० ऐवजी ५९७.३. पहिला पडसाद किंचित लवकर येतो, पण तेवढं कानाला कळत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये लूप करायला परवानगी द्यावी लागते. ॲबलटन लाइव्हमध्ये रिटर्न ट्रॅकचा स्वतःकडे जाणारा सेंड मुळात बंद असतो. त्याच्यावर राइट-क्लिक करून चालू करायचा. रीपरमध्ये प्रोजेक्ट सेटिंगमध्ये फीडबॅक राउटिंगला परवानगी देणारा पर्याय आहे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय नाही तिथे ज्या डिलेच्या अंगातच फीडबॅकच्या वाटेवर फिल्टर आहे असा डिले घ्या. बहुतेक काम होतं, फक्त स्प्रिंगची उलटी जोडणी करता येत नाही.

डिले आणि स्प्रिंग

डिलेचे पडसाद स्प्रिंगमध्ये पाठवले (चॅनेल ७ चा ऑक्स २) तर प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो आणि मागे जागा तयार होते. शेपटी उतरत असताना हा नॉब हळूहळू वर घेतला की पडसाद चालत चालत लांब गेल्यासारखे वाटतात. स्प्रिंगचा आवाज डिलेत पाठवला (चॅनेल ८ चा ऑक्स १) तर स्प्रिंगचा तो 'ब्वॉइंग' अख्खाच्या अख्खा पुन्हा पुन्हा येतो: जाड, दाट, आणि ताल झाकणारा. चार बारांमधल्या एका स्नेअरवर हे जबरदस्त लागतं. कायम चालू ठेवलं तर मिक्सचा चिखल होतो. दोन्ही वाटा एकदम उघड्या ठेवल्या तर तो आणखी एक लूप झाला, ज्यात रिव्हर्ब दर फेऱ्याला आवाज पसरवतो. तीन-चार फेऱ्यांनंतर ठोका उरत नाही, नुसती वाफ उरते. शेवटच्या आठ बारांत ती वाफ हवी असेल तर उघडा, पण एक हात चॅनेल ८ च्या फेडरवर ठेवूनच.

स्प्रिंगच्या आधी हाय-पास हवाच, ३०० ते ५०० हर्ट्झवर. खालच्या आवाजाने स्प्रिंग मोठ्या झोकाने हलते, बराच वेळ हलत राहते आणि तेवढ्यात वरचा नाजूक आवाज तिच्यात नीट उमटत नाही. फिल्टर स्प्रिंगच्या नंतर लावून हे सुधारत नाही, कारण बिघाड स्प्रिंगमध्येच झालेला असतो. चांगल्या स्प्रिंगला स्नेअर थोडा जोरातच द्यावा; तिचा टणकपणा तिथेच बाहेर येतो. चालू असलेल्या स्प्रिंगच्या डब्याला टपली मारून काढलेला गडगडाट जमैकन डबमध्ये भरपूर ऐकू येतो. तो करायचा तर आधी रिटर्नचा फेडर अर्ध्यावर आणा, कारण ती टपली ड्रमपेक्षा कितीतरी मोठी उमटते.

फेझर

फेझर साध्या सेंडवर का फिका वाटतो? फेझरची लहर तयार होते ती मूळ आवाज आणि फिरवलेला आवाज समप्रमाणात मिसळल्यामुळे. जिथे दोन्ही एकमेकांना रद्द करतात तिथे खाच पडते. फेझरने आपल्या आत ५०-५० मिसळून खाच पाडली आणि वर मिक्सरवरून त्याच वाद्याचा कोरडा आवाजही येत असेल, तर तो त्या खाचा भरून काढतो. उपाय दोन: फेझर वाद्यावर सरळ इन्सर्टमध्ये (चॅनेलच्या वाटेतच) लावा, किंवा फेडरच्या आधीचा सेंड घेऊन वाद्याचा फेडर खाली ठेवा आणि फक्त फेझरचं रिटर्न ऐका.

स्प्रिंगच्या आधी फेझर लावला तर स्प्रिंग ती लहर पसरवून टाकते. स्प्रिंगच्या नंतर लावला तर अख्खी शेपटी हलते; मला हाच क्रम पटतो. डिलेच्या लूपमध्ये फेझर ठेवला तर दर फेऱ्याला खाच नव्या जागी पडते आणि पडसाद गढूळ पाण्यासारखे रंग बदलतात. पण फेझरचा स्वतःचा फीडबॅक तिथे शून्य हवा, नाहीतर त्याची शिखरं लूपचा गेन ओलांडतात आणि इको पळून जातो. पेरीच्या ब्लॅक आर्कमधला म्यूट्रॉन बाय-फेझ म्हणजे एका डब्यात दोन फेझर, एकामागे एक किंवा शेजारी शेजारी चालवता येणारे. हाय-हॅट, स्कँक (मात्रांच्या मधे पडणारा गिटारचा ठेका) आणि स्नेअर हे त्याचं खाद्य. बासवर फेझर नको. खाच खालच्या सुरांवर पडली की गाण्याचा पायाच मधेमधे नाहीसा होतो.

वेळ

७५ बीपीएमवर (मिनिटाला ७५ मात्रा) एक मात्रा ८०० मिलिसेकंदांची (६०००० भागिले ७५). स्कँक प्रत्येक मात्रेच्या मधोमध, म्हणजे ४०० वर, १२०० वर, २००० वर. आता स्कँकला ८०० चा डिले दिला तर पडसाद बरोबर पुढच्या स्कँकखाली दडतो. गिटार बंद केल्याशिवाय ऐकूच येत नाही. ४०० चा दिला तर एकदा मात्रेवर, एकदा स्कँकवर, सगळ्या फटी भरतात. ६०० चा दिला तर १००० वर, १६०० वर, २२०० वर पडसाद येतात, म्हणजे फटीत, मात्रेवर, पुन्हा फटीत, आणि चौथा २८०० वर जाऊन स्कँकला मिळतो. म्हणूनच हा पाऊणपट डिले रेगेच्या तालात इतका चपखल बसतो. ५३३ चा त्रिपदी (दोन-तृतीयांश मात्रेचा) डिले तिसऱ्या पडसादाला स्कँक गाठतो आणि मधल्या वेळेत ताल डोलवतो. स्नेअरच्या एकट्या थ्रोला तो फार शोभतो.

रोलँडच्या १९७४च्या आरई-२०१ या टेप-इकोवर एक रेकॉर्ड हेड आणि तीन प्ले हेड असतात, पण तिसऱ्या हेडवरही वेळ अर्ध्या सेकंदाच्या आसपासच थांबते. ६०० त्यावर मिळत नाही. तिथे तिसरं हेड ४०० वर जुळवा आणि पहिली दोन हेडं मोडच्या नॉबने अधूनमधून आत घ्या.

थ्रो करताना सेंड शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या जरा आधी उघडा आणि पुढचा शब्द यायच्या आत मिटा. उशिरा मिटला तर पुढच्या शब्दाचं अर्धं अक्षर आत जातं आणि बारा सेकंद तेच अर्धं अक्षर ऐकत बसावं लागतं. कॉम्प्युटरवर ऑटोमेशन (नॉबची आखून दिलेली हालचाल) सरळ उभ्या रेषेत काढू नका. ५ ते १० मिलिसेकंदांचा उतार द्या. लहर मधेच तुटली की टिक असा आवाज येतो, आणि लूपमध्ये शिरलेली टिक प्रत्येक फेऱ्याला परत येते. शेपटी थांबवायची असेल तर रिटर्न म्यूट करण्यापेक्षा चॅनेल ७ चा ऑक्स १ मिटवा. म्यूटमुळे आवाज कापल्यासारखा जातो. ऑक्स मिटवला की शेवटचा पडसाद एकदा पूर्ण वाजून विरतो.

बासला सहसा काहीच नको: इफेक्ट नको, स्टिरिओ नको, मधोमध आणि कोरडा. बास वाजत असताना सर्व रिटर्नवर २०० ते ३०० हर्ट्झचा हाय-पास ठेवा. बास म्यूट केलात की तो फिल्टर १०० पर्यंत खाली सोडा. रिकाम्या झालेल्या जागेत इको फुगून बसतो, आणि बास परत येताना पुन्हा वर घ्या. या दोन हालचाली एकाच मात्रेवर जमल्या पाहिजेत.

पूर्ण गाणं एका दमात, हाताने, तीन-चार वेळा मिक्स करून रेकॉर्ड करा आणि चांगले भाग नंतर जोडा. जोडताना कट अशा जागी घ्या जिथे बास आणि ड्रम एकदम परत येतात. तिथे आधीच्या शेपटीचा तुटलेला तुकडा झाकला जातो. रिटर्न चॅनेल वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केले असतील तर मागच्या टेकची शेपटी नव्या टेकखाली दोन-तीन सेकंद वाहू देता येते. आणि शेवटच्या ठोक्यानंतर रेकॉर्डिंग लगेच थांबवू नका. नॉब बारा सेकंदांच्या खुणेवर असेल तर किमान वीस सेकंद चालू ठेवा, कारण स्प्रिंगची शेपटी डिलेच्या शेपटीनंतर संपते.